हेर्तेच्या खोऱ्यातील पायवाटा: सहा वर्षांच्या पावलांनी घेतलेला आढावा

स्पेनच्या पश्चिमेस, पोर्तुगालला लागून असलेल्या एस्त्रेमादुरा या स्वायत्त प्रदेशात, कासेरेस जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हेर्ते नदीचे एक अरुंद आणि जवळजवळ सरळसोट खोरे आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तेथे सहा रात्री राहिलो आणि रोज काही ना काही अंतर पायी चाललो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान, दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. हा तपशील आरंभीच देण्याचे कारण असे की पायवाटेची परीक्षा शेवटी ती चालणाऱ्याच्या पायांवर ठरते. ज्या चढणीचा उल्लेखही करण्याची गरज एखाद्या धडधाकट गिर्यारोहकाला वाटणार नाही, तिच्या निम्म्यावर धाकट्याने बूड टेकून ‘आता पुढे नाही’ असे जाहीर केलेले मी पाहिले आहे. प्रस्तुत आढावा त्या बूड टेकण्याच्या जागा ध्यानात ठेवून लिहिला आहे.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मी या खोऱ्याला चार देईन. त्यातले तीन निव्वळ पाण्याचे आहेत. राहिलेला एक गुण खुणा रंगवणाऱ्यांचा. जो दिला नाही तो कोणामुळे गेला, ते पुढे येईलच.

प्रथम भूगोल सांगितला पाहिजे, कारण मुलांना घेऊन चालण्यासाठी ही जागा इतकी सोयीची का, याचे उत्तर भूगोलात आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेकडून निघून, खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी असलेल्या प्लासेन्सिया शहराच्या पुढे स्पेनच्या अंतर्भागात शिरणारा, पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा एक प्राचीन प्रस्तरभंग आहे. हेर्ते नदीने आपली वाट या भेगेतूनच काढली, म्हणून तिचे खोरे पट्टी ठेवून आखल्यासारखे दिसते. तोर्नावाकासच्या खिंडीत (उंची १२७५ मीटर) उभे राहिले की खाली प्लासेन्सियाच्या दिशेने संपूर्ण खोरे एका नजरेत येते. तळातून एन-११० हा एकच मुख्य रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांना अकरा गावे विखुरलेली आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांवरून जागोजाग ओढे उड्या घेत नदीला येऊन मिळतात. अशा ओढ्याला आणि त्याच्या घळीला स्थानिक लोक ‘गार्गांता’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ घसा. लांबलचक डोंगरयात्रा करायची नसेल तर रोज एक घळ निवडायची, तिच्यात तासभर वर चालायचे, पाण्यापाशी बसायचे आणि परत फिरायचे, एवढाच कार्यक्रम पुरतो. मुलांना शिखराचे आकर्षण नसते. त्यांना दगड टाकायला पाणी लागते. येथे ते प्रत्येक वाटेच्या शेवटी, आणि बहुतेक वाटांच्या मध्येही, असते.

या घळींमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती गार्गांता दे लोस इन्फिएर्नोस, म्हणजे शब्दशः ‘नरकांची घळ’. १९९४ पासून हे संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. नावावरून सासूबाई थोड्या बिचकल्या होत्या; प्रत्यक्षात ओक आणि चेस्टनटच्या सावल्या, काठाला आल्डरची झाडे आणि सतत कानावर पडणारा पाण्याचा आवाज असा हा नरक आहे. काबेसुएला देल व्हाये आणि हेर्ते या दोन गावांच्या मध्ये, मुख्य रस्त्यालगत, क्षेत्राचे माहिती केंद्र आहे आणि तेथूनच लोस पिलोनेसची वाट सुरू होते. एका दिशेने सुमारे तीन किलोमीटर अंतर आहे. चालण्यासाठी आमच्याकडून कोणी शुल्क घेतले नाही. केंद्र उघडण्याची वाट न पाहता आम्ही सकाळी आठ वाजता चालू लागलो, आणि संपूर्ण सहलीतला हा आमचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरला.

वाटेचा पहिला टप्पा चढाचा आहे. चढ अंगावर येणारा नाही, पण संपता संपत नाही, आणि झाडी मधूनमधून विरळ होत असल्याने उन्हाचे तुकडे ओलांडावे लागतात. धाकट्याचे पहिले उपोषण येथेच झाले. सुदैवाने थोडे पुढे एक निरीक्षणस्थान आहे, जेथून समोरच्या कड्यावरून कोसळणारा चोर्रेरो दे ला व्हिर्हेन हा धबधबा दिसतो. त्याचा आवाज आधी येतो आणि दर्शन नंतर होते. ‘आवाज कुठून येतोय ते शोधू’ एवढ्या आमिषावर आमची वरात पुन्हा मार्गाला लागली. तेथून पुढची वाट बरीच सौम्य आहे आणि शेवटी ती उतरत उतरत पाण्यापाशी येते.

लोस पिलोनेस म्हणजे रांजणखळगे. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टमधले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. येथे खडक फिकट करड्या रंगाचा ग्रॅनाइट आहे आणि पाणी बारमाही, डोंगरावरच्या बर्फाचे आहे. पुराच्या पाण्यात अडकलेले गोटे आणि वाळू हजारो वर्षे एकाच जागी गरगरत राहिल्याने खडकाला पडलेले हे गोल हौद संख्येने तेरा असल्याचे सांगितले जाते. थोरलीने दोनदा मोजले. एकदा अकरा भरले, एकदा चौदा. एका हौदातून दुसऱ्यात पाणी जेथे घसरते तेथे खडक इतका गुळगुळीत झाला आहे की हात फिरवल्यावर घोटलेल्या पाटीची आठवण होते. पाणी इतके स्वच्छ की दोन पुरुष खोल असलेला तळ गुडघाभर वाटावा, आणि हीच त्यातली फसगत आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तेथे एक वृद्ध जोडपे आणि त्यांचा कुत्रा एवढेच होते. मुलांनी खालच्या अंगाच्या उथळ पाण्यात पाय सोडले, दहा मोजेपर्यंत टिकले, किंचाळून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले. हा खेळ सव्वा तास चालला.

साडेअकरानंतर मात्र माणसांचा ओघ सुरू झाला. बाराच्या सुमारास खडकांवर पंचा पसरायला जागा उरली नव्हती, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी लागली होती आणि तरुण मुले वरच्या हौदांतून घसरगुंडी करीत होती. आई-वडिलांसाठी येथे एक स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. ओला ग्रॅनाइट आणि त्यावरचे पातळ शेवाळ यांचा संयोग बर्फासारखा निसरडा असतो, खळग्यांच्या कडा आतून गोलाकार असल्याने पडलेल्याला धरायला काही सापडत नाही, आणि वसंतात बर्फ वितळत असताना किंवा मोठ्या पावसानंतर प्रवाहाचा जोर अंदाजापलीकडे असतो. मुले पाण्याजवळ असताना आम्हा दोघांपैकी एकजण फक्त पाहण्याचे काम करीत होता. आमच्या फोनला घळीत बराच वेळ सिग्नल नव्हता; स्पेनमधला आपत्कालीन क्रमांक ११२ आहे हे ठाऊक असून उपयोग काय, असे त्या वेळी वाटून गेले.

आता पाट्या आणि खुणा यांविषयी, कारण माझ्या मते कोणत्याही प्रदेशाची पाहुण्यांविषयीची आस्था तेथेच तपासावी. स्पेनमध्ये पायवाटांच्या खुणा देशभर एकाच पद्धतीने रंगवलेल्या असतात. पांढरा आणि तांबडा पट्टा म्हणजे पन्नास किलोमीटरहून लांब पल्ल्याची वाट, पांढरा आणि पिवळा म्हणजे दहा ते पन्नास किलोमीटर, आणि पांढरा व हिरवा म्हणजे दहा किलोमीटरच्या आतली स्थानिक वाट. दोन समांतर पट्टे असले की वाट बरोबर आहे, वळलेले असले की वळायचे आहे, आणि फुली असली की तिकडे जायचे नाही. ही लिपी मुलांना पाच मिनिटांत शिकवता येते, आणि एकदा शिकवली की चालणे हा शोधाचा खेळ होतो. पुढची खूण जो आधी पाहील त्याला एक सुकलेले अंजीर, असा आमचा दर होता; दुसऱ्या दिवशीच अंजिरे संपली. मुख्य वाटांवरच्या खुणा ताज्या आणि पुरेशा होत्या. बागांमधून जाणाऱ्या आडवाटांवर मात्र त्या विटलेल्या होत्या किंवा नवीन कुंपणामागे गेल्या होत्या, आणि दोन ठिकाणी आम्हाला फुली दिसेपर्यंत चुकत जावे लागले.

पाट्यांवरच्या वेळेविषयी एक गोष्ट आधी कळली असती तर आमची बरीच कुरकुर वाचली असती. स्पेनमध्ये ‘मीदे’ नावाची वर्गीकरण पद्धत रूढ आहे. तीत वाट ‘सोपी’ किंवा ‘अवघड’ असा एकच शिक्का मारला जात नाही. परिसरातले धोके, वाट सापडण्यातली अडचण, पायाखालच्या जमिनीचा खडतरपणा आणि लागणारे श्रम या चार गोष्टींना एक ते पाच असे स्वतंत्र गुण दिले जातात. पद्धत अतिशय समंजस आहे, पण तीत दिलेला वेळ न थांबता चालण्याचा असतो. पाणी पिणे, बुटातला खडा काढणे, सरडा पाहणे आणि सरडा गेला म्हणून रुसणे यांचा हिशेब त्यात नाही. आमचे प्रमाण दुपटीचे पडले. सहा-सात वर्षांचे मूल बरोबर असेल तर पाटीवरचा वेळ दुप्पट धरावा आणि चारांपैकी तिसरा आकडा, म्हणजे जमिनीचा, सर्वांत आधी पाहावा. अंतराने मुले थकत नाहीत तितकी वेड्यावाकड्या पायऱ्यांनी थकतात.

हा धडा आम्हाला नावाकोन्सेहो गावाच्या वरच्या गार्गांता दे लास नोगालेदासमध्ये मिळाला. एका पाठोपाठ एक अनेक छोटे धबधबे असलेली ही वर्तुळाकार वाट चार-पाच किलोमीटरचीच आहे आणि सौंदर्यात मी तिला लोस पिलोनेसच्याही वर ठेवीन. आमच्या मुक्कामाच्या घरी ठेवलेल्या छापील पत्रकात तिच्यापुढे ‘सर्व वयोगटांसाठी सोपी’ असे लिहिले होते. त्या ओळीवर विसंबून आम्ही सासूबाईंसह निघालो. वाट धबधब्यांच्या कडेने सरळ डोंगर चढते, काही टप्प्यांवर दगडी पायऱ्या मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत आणि तुषारांमुळे त्या ओल्या असतात. दुसऱ्या धबधब्यापाशी सासूबाईंनी शांतपणे सांगितले, ‘तुम्ही जा, मी इथेच बसते,’ आणि एका चेस्टनटखाली बैठक मारली. यजमान त्यांच्यासोबत थांबले. पुढे उतारावर धाकटा घसरला, गुडघा सोलवटला आणि उरलेले अंतर मी त्याला पाठुंगळी घेऊन उतरले. ज्या कोणी ते पत्रक लिहिले त्याने वाट अंतरावरून जोखली होती, हे उघड आहे. आठ वर्षांपुढची चालती मुले असतील तर ही वाट अवश्य करावी. त्याखालच्यांना घेऊन पहिल्या दोन धबधब्यांपर्यंत जावे आणि आल्या वाटेने परतावे.

सासूबाईंसाठी खरी सोपी जागा निघाली ती वाल्दास्तियासजवळचा काओसोचा धबधबा. पिओर्नालकडे चढणाऱ्या रस्त्यावरून फारसे न चालता तेथे पोहोचता येते, पाणी सुमारे तीस मीटरवरून रुंद कड्यावर पसरत उतरते आणि समोर उभे राहायला लाकडी सज्जा केलेला आहे. पुढे पिओर्नाल हे एस्त्रेमादुरातले सर्वांत उंचावरचे गाव आहे, ११७५ मीटरवर. दर वर्षी १९ आणि २० जानेवारीला तेथे हार्राम्प्लास नावाचा, अंगभर रंगीत चिंध्या आणि तोंडावर शिंगांचा मुखवटा असलेला एक माणूस ढोल वाजवीत रस्त्यातून फिरतो आणि सारे गाव त्याच्यावर सलगमांचा मारा करते. गावातला त्याचा पुतळा पाहून मुलांनी जानेवारीत परत येण्याचा ठराव केला. समोरच्या डोंगरावर एल तोर्नो गावाच्या वर, यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या हुकूमशाहीत विस्मृतीत ढकलल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ २००९ मध्ये उभारलेल्या चार मानवाकृती आहेत. अनावरणानंतर लगेचच कोणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती भोके बुजवलेली नाहीत. थोरलीने त्यांतल्या एकात बोट घालून पाहिले आणि मग बराच वेळ काही विचारले नाही. चालण्याच्या दृष्टीने येथे काहीच नाही, तरीही मी ही जागा वगळू नये असे म्हणेन.

ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांच्यासाठी तोर्नावाकासहून ला वेराच्या खोऱ्यातल्या हारांदियापर्यंत जाणारी सम्राट पाचव्या कार्लोसची वाट आहे. राज्यत्याग करून युस्तेच्या मठात निवृत्त होण्यासाठी निघालेला सम्राट नोव्हेंबर १५५६ मध्ये याच मार्गाने डोंगर ओलांडून गेला, आणि सप्टेंबर १५५८ मध्ये युस्ते येथेच वारला. एकूण अंतर सुमारे अठ्ठावीस किलोमीटर असल्याने लहान मुलांसह ती पूर्ण करण्याचा विचार सोडून द्यावा. आम्ही तोर्नावाकासच्या बाजूने तासभर चालून, गाव कौलांच्या तुकड्याएवढे दिसू लागल्यावर, परतलो. संधिवाताने जर्जर झालेल्या सम्राटाला माणसांनी पालखीसारख्या आसनावरून वाहून नेले होते, हे ऐकल्यावर धाकट्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

जूनमध्ये गेल्याचा मोठा लाभ म्हणजे चेरी. खोऱ्याच्या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली आहेत आणि त्यांवर चेरीची लक्षावधी झाडे आहेत. येथली ‘पिकोता’ ही चेरी देठाशिवाय विकली जाते. पक्व झाल्यावर ती हाताने ओढली की देठ झाडावरच राहतो आणि फळ तेवढे हातात येते. रंग जवळजवळ काळपट, गर घट्ट, आणि चावल्यावर दात थोडे अडतात. तोडणी पूर्णपणे हाताने होते आणि ऐन तोडणीत पाऊस आला की फळाची साल तडकून मालाची किंमत एका रात्रीत जाते, म्हणून जूनमधले ढग पाहून येथल्या माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात. पायवाटा अनेकदा या बागांच्या अगदी कडेने जातात, फांद्या मुलांच्या तोंडासमोर येतात, आणि येथे पालकांनी कठोर व्हावे: झाडे खासगी आहेत आणि हे कोणाचे तरी वर्षाचे उत्पन्न आहे. आमच्या मुलांना हात मागे बांधून चालताना पाहून एका शेतकऱ्याने शिडीवरून उतरून कमरेच्या करंडीतली ओंजळभर फळे दिली. थोरलीने ‘ग्रासियास’ म्हटल्यावर त्याने आणखी एक ओंजळ दिली. धाकट्याने मग ‘ग्रासियास’ चार वेळा म्हटले.

दुपारी चालायचे नाही, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला होता आणि त्यामागे घड्याळाचे कारण आहे. स्पेनचे घड्याळ सूर्याच्या पुढे धावते; उन्हाळ्यात या भागात सूर्य माथ्यावर येतो तो सुमारे दोन वाजून वीस मिनिटांनी, आणि मावळतो पावणेदहाच्या आसपास. साहजिकच उष्मा सर्वांत जास्त चार ते सात या वेळेत असतो आणि ‘संध्याकाळी पाचला निघू’ हा आपला सवयीचा बेत येथे सपशेल चुकतो. या वेळेसाठी गावोगावी नदीतच पोहण्याच्या जागा आहेत. उन्हाळ्यात पात्रातल्या बंधाऱ्यात फळ्या बसवून पाणी अडवतात, काठाला हिरवळ किंवा फरसबंदी असते, आणि संपूर्ण गाव तेथे लोटते. हेर्ते गावाजवळची एल नोगालोन ही जागा आम्हाला सर्वांत आवडली. लोस पिलोनेसमध्ये जे भय होते ते येथे नाही: काठ उतरता आहे, पाण्याचा वेग मंद आहे आणि शेजारी दहा आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या आहेत, ज्यांची नजर कोणत्याही जीवरक्षकाहून तीक्ष्ण असते.

जेवणाबाबत शाकाहारी कुटुंबाने मनाची तयारी करून जावे. दुपारचे जेवण दोन ते चार आणि रात्रीचे नऊनंतर. मधल्या वेळेत गावातली दुकानेही दोन ते पाच बंद असतात, तेव्हा मुलांची भूक आपल्या पिशवीत घेऊन हिंडावे लागते. शेजारच्या ला वेराच्या धुरावलेल्या लाल तिखटात घोटलेला बटाट्याचा ‘पातातास रेव्होल्कोनास’ हा पदार्थ सासूबाईंना इतका आवडला की त्यांनी तो तीन वेळा मागवला, मात्र त्यावर घातलेले डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आधीच नको म्हणून सांगावे लागते. भाजलेल्या लाल मिरच्यांचे ‘सोरोंगोयो’ हे कोशिंबिरीसारखे प्रकरणही उत्तम. एका खानावळीत आम्ही ‘मांस नको’ असे स्पष्ट सांगूनही भाजीवर हामचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीचे, तुकडे आले आणि विचारल्यावर ‘हे मांस नव्हे, हाम आहे’ असे प्रामाणिक आश्चर्याने सांगण्यात आले. त्यात लबाडी नव्हती. ‘मांसही नको, हामही नको, मासेही नको’ अशी यादी म्हणायला आम्ही शिकलो.

जो एक गुण कापला त्यात नोगालेदासच्या पत्रकाचा वाटा अर्धा आहे. उरलेला अर्धा वाहतुकीचा. खोऱ्यात बस आहे, पण तिच्या वेळा घळींच्या तोंडाशी सकाळी आठला पोहोचवणाऱ्या नाहीत, त्यामुळे लहान मुले असतील तर मोटार भाड्याने घेण्यावाचून गत्यंतर नाही. स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला मागच्या बाजूला त्याच्या मापाच्या बालआसनावर बसवणे बंधनकारक आहे. आम्ही दोन आसने आगाऊ नोंदवून पैसेही भरले होते. माद्रिदमध्ये गाडी ताब्यात घेताना त्यांतले एक तान्ह्या बाळाचे निघाले आणि बदलून मिळेपर्यंत दोन तास गेले. माद्रिदहून खोऱ्यात पोहोचायला अडीच ते तीन तास पुरतात, आम्हाला मात्र पोहोचेपर्यंत रात्र झाली. आसनाची नोंदणी करताना मुलाची उंची आणि वजन लेखी कळवावे.

केव्हा जावे याविषयी सर्वत्र एकच उत्तर मिळेल: मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, जेव्हा चेरी फुलते. फुलोरा तळातल्या बागांपासून सुरू होऊन वर चढत जातो, जेमतेम पंधरवडा टिकतो आणि तारीख दर वर्षी बदलते. त्यासाठी भरणाऱ्या उत्सवाला राष्ट्रीय पर्यटन महत्त्वाचा दर्जा आहे, आणि त्या शनिवार-रविवारी एन-११० वर गाड्यांची रांग लागते. तेथल्या रहिवाशांनीच आम्हाला सांगितले की त्या दोन दिवसांत ते स्वतः घराबाहेर पडत नाहीत. मुलांच्या दृष्टीने फुले हा पाहण्याचा विषय आहे आणि फळे हा खाण्याचा. माझे मत निःसंशय जूनच्या बाजूने आहे, आणि दुसरी पसंती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची, जेव्हा चेस्टनट पडतात आणि चेरीची पाने तांबडी होतात. जुलै-ऑगस्ट टाळावेत. उष्मा आणि गर्दी ही कारणे आहेतच, शिवाय वणव्याचा धोका असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हारिया गावाजवळ लागलेला मोठा वणवा डोंगर चढून या खोऱ्याच्या बाजूपर्यंत आला होता. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी कोणती वाट खुली आहे हे आदल्या दिवशी माहिती केंद्रात विचारून घ्यावे.

मुक्कामासाठी आम्ही काबेसुएला देल व्हाये निवडले होते आणि पुन्हा तेच निवडू. खोऱ्याच्या साधारण मध्यावर असल्याने कोणतीही घळ मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांच्या आत येते. गावाचा जुना भाग चेस्टनटच्या तुळया आणि मातीच्या भिंती असलेल्या, गल्लीवर पुढे झुकलेल्या घरांचा आहे, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की मुलांना मोकळे सोडता येते. घर घेताना जिन्याची चौकशी मात्र करावी. आमचे घर तीन मजली आणि जिना शिडीसारखा होता, त्यामुळे सासूबाईंनी पहिल्याच रात्री तळमजल्यावरची बैठकीची खोली ताब्यात घेतली. शेवटच्या दिवशी सकाळी मुलांनी आपण होऊन लोस पिलोनेसला पुन्हा जाण्याचा हट्ट धरला. आम्ही साडेसातला निघालो, धाकटा पहिल्या चढावर एकदाही बसला नाही, आणि धबधब्याच्या निरीक्षणस्थानी पोहोचल्यावर त्याने घड्याळ मागितले. पाटीवरच्या वेळेपेक्षा आम्हाला अकराच मिनिटे जास्त लागली होती.